पाऊल कुठं अडलं?

नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर भद्रावतीला गाडीची वाट पाहत बसलं की माझं लक्ष आधी माणसांच्या पायांकडं जातं, चेहऱ्यांकडं नंतर. ही सवय एका डॉक्टर मित्रानं लावली. तो म्हणायचा, रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात मी निम्मं तपासून घेतो, उरलेलं निम्मं खुर्चीवर. तासाभरात केवढ्या चाली दिसतात! एक आजोबा डावा पाय विळ्यासारखा बाहेरून फिरवून आणतात, डावा हात पोटाशी दुमडलेला. एक बाई गुडघा उगाचच उंच उचलते आणि पाऊल फटकन जमिनीवर पडतं. एक माणूस दर पावलाला हाताने मांडी मागं रेटतो. गावात या सगळ्यांना एकच शब्द आहे: पाय गेला. फार तर, अंगावरून वारं गेलं. कुणी करणी म्हणतं, कुणी मागच्या जन्मीचं.

पण पाय गेलेला नसतो. पाय तिथंच असतो, हाडामांसासकट. मेंदूतून पायापर्यंत येणारी वाट कुठंतरी तुटलेली असते आणि ती कुठं तुटली हे चालीवरून बऱ्याच वेळा सांगता येतं. भद्रावतीच्या चहूबाजूंना, पूर्वेच्या धानपट्ट्यात, उत्तरेच्या वरोऱ्यात, गडचिरोलीच्या जंगलात, या एका वाटेवरची वेगवेगळी ठिकाणं तोडणारे आजार पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. त्यांच्याकडं एका वाटेवरचे म्हणून पाहिलं, तर आपल्या भागाच्या इतिहासातलं बरंच काही उलगडतं असं मला वाटतं.

आधी ती वाट. पायाला हुकूम देणारा मेंदूचा भाग डोक्याच्या अगदी माथ्यावर, दोन अर्धांच्या मधल्या फटीच्या कडेला असतो. तिथल्या पेशींचे लांबच लांब तंतू खाली उतरतात, मेंदूच्या तळाशी बहुतेक तंतू बाजू बदलतात, डावीकडचे उजवीकडं आणि उजवीकडचे डावीकडं. मग ते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून कमरेच्या थोडं वरपर्यंत येतात. तिथं दुसरी पेशी निरोप घेते आणि तिचा तंतू थेट स्नायूपर्यंत जातो. ढोबळ मानानं डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत दोनच पेशींचे टप्पे. निरोप पोहोचायला सेकंदाचा तिसावा भाग पुरतो.

हुकूम गेला की काम झालं, इतकं मात्र ते सोपं नाही. भद्रावतीत गांधीविचाराच्या कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे, कुंभारकामासाठी नावाजलेला. चाकावर बसलेल्या कारागिराचे हात पाहावेत. माती किंचित डगमगली की बोटांचा दाब बदलतो, आणि तो बदलला हे त्याला स्वतःलाही कळत नाही. स्नायूंच्या आत ताण मोजणारी सूक्ष्म इंद्रियं असतात. ती क्षणोक्षणी वर खबर देतात. लहान मेंदू ठरवलेलं आणि घडलेलं ताडून पाहतो. मेंदूच्या खोल गाभ्यातले पुंजके हालचाल सुरू करायची की रोखायची, हलकी की जोरकस, हे सांभाळतात. त्या पुंजक्यांना लागणारं डोपामिन आटलं की कंपवात होतो: हात थरथरतो, पावलं तोकडी होतात, चेहरा गोठतो. आपल्या जंगलात वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत डोपामिनचा कच्चा माल, लेव्होडोपा, असतो. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनज्ञांनी तो १९३७ साली त्या बियांतून वेगळा काढल्याचं प्रसिद्ध केलं. कंपवातावरचं आजचं मुख्य औषधही तेच, फक्त मोजून-मापून दिलेलं. बिया दळून घरी खाऊ नयेत, मात्रा चुकते.

आता पूर्वेला जाऊ. भद्रावतीची काळी जमीन कापूस-सोयाबीनची. पण मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडं सरकलं की बांध्या सुरू होतात, धान सुरू होतं. आईचं माहेर त्या बाजूला. धान निसवून कापणीला यायच्या आधी, बांधीतल्या ओलीवर, उभ्या पिकातच लाखोळी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघालं की खाली ती हिरवीगार. गुरांना चारा, माणसांना पाल्याची भाजी, मग डाळ, त्या डाळीचे वडे. थोरामोठ्यांच्या बोलण्यात ती कधी लाख, कधी लाखोरी. शहरात तिला खेसारी म्हणतात.

त्या गावात एक मामा होते, नात्यानं नव्हे, सगळ्या गावाचे. दोन काठ्यांवर चालायचे. गुडघे अर्धवट वाकलेले, टाचा कधी टेकलेल्या नाहीत, एक पाय दुसऱ्याला ओलांडून कात्रीसारखा पुढं येई. चपलेचा फक्त चवडा झिजे, टाच नवीकोरी. हात मात्र पहिलवानाचे होते आणि हिशोब तोंडपाठ. मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, ‘‘पाय काई मेले नाई जी, आखडते. उचलतो म्हटलं का ताठ होते.’’ डॉक्टरी पुस्तकातलं वर्णन मी वीस वर्षांनी वाचलं. मामांनी ते एका वाक्यात आधीच सांगून ठेवलं होतं.

पाय लुळा पडणं आणि पाय ताठ होणं, या फरकात सगळं निदान आहे. पोलिओ वाटेचा दुसरा टप्पा, म्हणजे मज्जारज्जूतली स्नायूकडं जाणारी पेशी मारतो. निरोपच येत नाही म्हणून स्नायू सैल पडतो, बारीक होतो. मांडी हाताने रेटणारा तो माणूस बहुधा त्यातला. लाखोळी पहिला टप्पा मारते, मेंदूतून खाली येणारा. मज्जारज्जूची स्वतःची एक हुशारी असते: स्नायू ताणला की आकसून घे, काटा रुतला की पाय ओढ. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं आयुष्यभर याच प्रतिक्षिप्त क्रियांचा अभ्यास केला आणि १९३२ साली नोबेल मिळवलं. त्यातून ध्यानात आलं की हालचालीत आवरून धरण्याचा वाटा हालवण्याइतकाच मोठा आहे. मेंदू हुकूम देतो त्याहून जास्त वेळ लगाम धरून असतो. लगाम तुटला की खालची हुशारी मोकाट सुटते आणि मामांचे पाय उचलताक्षणी ताठ होतात.

हे करतं कोण? लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचं एक अमिनो आम्ल असतं. बंगळूर आणि दिल्लीच्या भारतीय संशोधकांनी १९६४ साली ते ओळखलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना उत्तेजित करण्यासाठी ग्लुटामेट वापरतात. ओडॅपचं रूप ग्लुटामेटशी इतकं मिळतंजुळतं की पेशी फसते, दार उघडते. ग्लुटामेट आपलं काम करून बाजूला होतं, हा पाहुणा रेंगाळतो. उत्तेजनाचा भडिमार सोसून पेशी शेवटी मरते. जास्त मार बसतो तो सर्वांत लांब तंतूंना, म्हणजे पायाकडं जाणाऱ्यांना. म्हणून हात शाबूत, बुद्धी शाबूत, स्पर्श शाबूत, फक्त चाल गेलेली. आजार पुढं वाढतही नाही, मागंही येत नाही. पंचविशीत लागलेली काठी ऐंशीव्या वर्षीही हातात तशीच.

मूठभर डाळीनं हे होत नाही, हे ठासून सांगायला हवं. इतर धान्याबरोबर अधूनमधून खाल्लेल्या लाखोळीनं कुणी पांगळं होत नाही. तीन-चार महिने रोजच्या खाण्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळीच असेल, सोबत धान्य-भाजी नसेल आणि अंगमेहनत ढोर असेल, तेव्हा ती चावते. म्हणून हा आजार दुष्काळाच्या मागोमाग येतो. पाऊस दगा देतो, धान जळतं, पण लाखोळी उरते. कोरड्या जमिनीत तीच तेवढी टिकते, आणि पाण्याच्या ताणात तिच्यातलं विष वाढतं. गंधकयुक्त अमिनो आम्लं अंगाला थोडं कवच देतात. ती धान्यातून मिळतात, आणि धान्यच संपलेलं असतं. आदल्या दिवशी धडधाकट असलेला तरुण सकाळी उठतो तेव्हा पोटऱ्यांत पेटके, कमरेखाली जडपणा.

आपल्या वैद्यांना हे फार आधीपासून माहीत होतं. जुन्या वैद्यकग्रंथांत कलायखंज नावाचा रोग आहे. कलाय म्हणजे ही कडधान्यं, खंज म्हणजे लंगडा. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच नावात. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गच्या ड्यूकनं १६७१ साली लाखोळीच्या पिठाची भाकरी करण्यावर बंदी घातली. इटलीत कांतानी यांनी १८७३ साली आजाराला लॅथिरिझम हे नाव दिलं. आणि आपल्याकडं? १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन भयंकर दुष्काळ मध्य प्रांतानं भोगले. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर-गडचिरोली, तेव्हा याच प्रांतात होता. मेजर बुकॅनन यांनी १८९६ ते १९०२ या काळातल्या या प्रांतातल्या लॅथिरिझमचा अहवाल लिहिला, तो १९०४ साली नागपुरात छापला गेला. पुढं विंध्य प्रदेशातल्या रीवा जिल्ह्यात डॉ. द्विवेदी आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की वेठबिगारांना मजुरीच खेसारीत मिळत होती. मालकाच्या घरी गहू, गड्याच्या ताटात खेसारी. रोग कुणाला होणार हे डाळीतलं रसायन ठरवत नव्हतं, मजुरी ठरवत होती.

१९६१ साली केंद्राच्या भेसळप्रतिबंधक नियमात या डाळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली. बंदीनं पीक थांबलं नाही. शेतकरी पेरत राहिला, चोरून विकत राहिला, व्यापारी तुरीच्या डाळीत आणि बेसनात मिसळत राहिला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. गरिबाचं प्रथिन त्याच्याकडून हिसकावू नका हे त्यांचं म्हणणं, आणि शेवटी महाराष्ट्रात बंदी उठली. रायपूरच्या कृषी विद्यापीठानं प्रतीक आणि महातिवडा, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं रतन, असे कमी ओडॅपचे वाण काढले. माझं मत विचाराल तर कोठारींचं निम्मं पटतं. लाखोळी विष नाही आणि भाताशी चवीपुरती खाणाऱ्याला तिची भीती नको. पण दुष्काळ पडला की ही डाळ पुन्हा एकमेव अन्न होऊ शकते, आणि त्या वर्षी ती पूर्वीसारखीच वागेल. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की विष बरंच उतरतं. आजीच्या घरी ही रीत होती, कारण मात्र कुणी सांगत नसे. ती रीत आणि रेशनचा तांदूळ, या दोन गोष्टी कायद्याच्या कागदापेक्षा मला जास्त भरवशाच्या वाटतात.

नव्या मुलांत मामांसारखी चाल आता दिसत नाही. पोलिओही गेला. देशातली शेवटची लागण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडली आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. जागा मात्र रिकामी राहिली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं प्रत्येक मृत्यूची नोंद घेतली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याचे निघाले. सातांत एक. हृदयरोग नाही, क्षय नाही, मलेरिया नाही. लकवा पहिल्या क्रमांकाचा. गडचिरोली म्हटलं की ताप-हिवताप-कुपोषण एवढंच ज्यांच्या डोळ्यांसमोर येतं त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

लकव्यात वाट अगदी उगमाजवळ तुटते. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, आणि तंतू बाजू बदलत असल्यामुळं उजव्या मेंदूचा घाव डाव्या अंगावर उमटतो. बसस्थानकावरचे विळ्यासारखा पाय फिरवणारे आजोबा यातले. गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी रक्तस्राव नाही ना हे पाहायला सीटी स्कॅन हवा. भामरागडहून गडचिरोली दीडशेहून जास्त किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. तिथं साडेचार तासांचा हिशोब मांडणंही जड जातं. म्हणून गावातली आशाताई मोजते तो रक्तदाब आणि रोजची एक गोळी यांचं मोल मोठ्या यंत्रापेक्षा जास्त. गोळी बरं वाटतंय म्हणून सोडून देणारी माणसं माझ्याही घरात आहेत. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची अडचण.

भद्रावतीहून वरोरा वीसेक किलोमीटर. बाबा आमटे तिथं वकिली करत. १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि आनंदवन उभं राहिलं. महाराष्ट्राला ती कथा पाठ आहे, मी तिचा एकच धागा घेतो. कुष्ठरोग हा त्वचेचा रोग असं आपण समजतो. खरं तर तो मज्जातंतूंचा रोग आहे. नॉर्वेच्या हान्सेननं त्याचा जंतू १८७३ साली शोधला. लाखोळीच्या रोगाला नाव मिळालं तेच वर्ष. हा जंतू थंडावा शोधतो, म्हणून जिथं मज्जातंतू कातडीच्या लगत असतात तिथं घर करतो. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या येतात ना, तोच तंतू. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालणारा तंतू. घोट्याच्या आतला. आणि पापणी मिटवणाऱ्या तंतूची फांदी.

इथं तुटतो तो वाटेचा शेवटचा पल्ला. कोपराचा तंतू गेला की बोटं आकडीसारखी वळतात. गुडघ्याचा गेला की पाऊल वर उचलत नाही, म्हणून माणूस गुडघा उंच उचलतो आणि पाऊल फटकन आपटतं. बसस्थानकावरची ती बाई. तिला कुष्ठरोगच असेल असं नाही, त्या तंतूला इजा व्हायला इतर कारणंही पुष्कळ. पण चंद्रपूर-गडचिरोलीत असं पाऊल दिसलं की डॉक्टरांच्या मनात तो विचार आधी येतो, यायलाच हवा. २००५ च्या अखेरीस देशाच्या सरासरीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. सरासरी आपल्या दोन जिल्ह्यांना लागू पडली नाही, इथं नवे रुग्ण आजही सापडतात. औषधं उत्तम आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, जंतू मरतो. पण उपचार चालू असताना किंवा नंतरही कधीकधी तंतू अचानक सुजतो, एका आठवड्यात हात दुबळा होतो. त्या वेळी सहा महिन्यांच्या आत स्टिरॉइड मिळालं तर हात बऱ्याचदा परत येतो. उशीर झाला की नाही. बधिर चट्टा दाखवायला लाजणाऱ्याचं नुकसान चट्ट्यानं होत नाही, या उशिरानं होतं.

हात गेल्यावरही काही करता येतं, हे वेल्लोरच्या पॉल ब्रँड यांनी दाखवलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत समजूत होती की कुष्ठरोग्याची बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी सिद्ध केलं की मांस चांगलं असतं. संवेदना गेल्यामुळं भाजतं, कापतं, आणि स्नायूंना निरोप नसतो. शाबूत तंतूचा स्नायू उचलून त्यांनी अडलेल्या बोटांना जोडला. पावलासाठीही अशी शस्त्रक्रिया होते. पोटरीतला, पाऊल आत वळवणारा स्नायू पावलाच्या वरच्या अंगाला आणून बांधतात. मग रुग्णाला सांगावं लागतं: पाऊल उचलायचंय ना, तर आत वळव असं मनात म्हण. तो मनात आत वळवतो आणि पाऊल वर येतं. आठवडेच्या आठवडे तो एक म्हणतो आणि दुसरं होतं. मग एके दिवशी मनात काही न म्हणता पाऊल उचलतं. मेंदूनं नवी वायरिंग मान्य केलेली असते.

या वाटेचा मी जितका विचार करतो तितकी एक गोष्ट मनात पक्की बसते. वाट जितकी खाली तुटते तितकी सांधण्याची आशा जास्त. मेंदूत आणि मज्जारज्जूत मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. लकव्यानंतर शेजारच्या पेशी काही काम उचलतात, एवढंच. हातापायातला तंतू मात्र, आवरण शाबूत असेल तर, दिवसाला साधारण मिलिमीटरभर पुढं सरकतो. आणि अगदी शेवटचं ठिकाण, जिथं तंतू स्नायूला भेटतो, ते तुटलं तर माणूस पूर्णपणे बरा होऊ शकतो. ते ठिकाण तोडणारे आपल्याकडं आहेत नाग आणि मण्यार.

भद्रावतीचं ग्रामदैवत भद्रनाग. नागपंचमीला इथं गर्दी लोटते. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, उघडत नाहीत. घरचे म्हणतात झोप झाली नाही. मग बोलणं बोबडं, गिळता येत नाही, शेवटी छातीचे स्नायू थांबतात. नागाचं विष स्नायूवरचं निरोप घेणारं दार अडवतं. मण्यारीच्या विषात तेही असतं, शिवाय तंतूचं टोकच निकामी करणारं दुसरं. तैवानच्या चँग आणि ली यांनी १९६३ साली तिथल्या मण्यारीच्या विषातून या दोन्ही तऱ्हा वेगळ्या केल्या. त्यातल्या एकाच्या मदतीनंच पुढं स्नायूवरचं ते दार शास्त्रज्ञांना हाती लागलं. विषानं विद्या दिली म्हणायची.

बाजेवर झोपणं, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, हे मण्यारीवरचे साधे आणि खरे उपाय. चावलीच तर मांत्रिकाकडं घालवलेला प्रत्येक तास श्वासातून वजा होतो. प्रतिविष लवकर द्यायलाच हवं, पण निकामी झालेली तंतूंची टोकं त्यानं परत येत नाहीत, ती स्वतःच पुन्हा वाढतात. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर यंत्रानं श्वास द्यायचा, एवढंच काम.

त्या दिवसांत रुग्ण मेल्यासारखा दिसतो. पापणी उचलत नाही, बोट हलत नाही, टॉर्च मारला तर बाहुलीही कधी आकसत नाही. नातेवाईक कुजबुजतात, आता काय राहिलं. पण विष मेंदूत गेलेलं नसतं. प्राणवायू वेळेवर मिळालेला असेल तर त्याला सगळं ऐकू येत असतं, कोण रडलं, कोण काय म्हणालं ते. माझा डॉक्टर मित्र अशा रुग्णाच्या आईला खाटेजवळ बसवायचा आणि सांगायचा, बोलत राहा बाई, तो ऐकतो आहे. ती घरची म्हैस, भावाची परीक्षा, धानाला आलेल्या लोंब्या, सगळं सांगत बसायची. चौथ्या दिवशी तिनं नर्सला हाक मारली. पोराच्या पायाचा अंगठा हलला होता.